पट्ट्याचा फेरफार

साताऱ्यासारख्या गावात, जिथे राजवाड्याहून पोवई नाक्याला जायचे म्हटले तरी वरचा रस्ता धरावा की खालचा, याचा निर्णय गुडघ्यांशी सल्लामसलत करूनच घ्यावा लागतो, आणि जिथे अजिंक्यतारा प्रत्येक खिडकीतून "येता का?" असे विचारीत उभा असतो, तिथल्या मनुष्याला चालण्यासाठी यंत्राच्या उत्तेजनाची गरज भासावी, हे त्या गावाच्या भूगोलाचा उपमर्द करणारे आहे. १७०८ साली शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक येथे झाला. तेव्हापासून खलिते घेऊन गड चढणाऱ्या जासुदांनी आपली पावले मोजल्याचे कोणत्याही दफ्तरात माझ्या पाहण्यात नाही. ते चालले, पोहोचले आणि जबाब घेऊन परतले. परंतु ते लोक मुशाहिरा घेऊन चालत. निवृत्तिवेतन घेऊन चालणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला कोठे पोहोचायचे नसते, कोणाचा जबाब आणायचा नसतो, आणि म्हणूनच आपण चाललो याचा निदान एखादा दाखला तरी हाती असावा, असे त्याला वाटू लागते.

हा दाखला देण्याचे काम माझ्या डाव्या मनगटावरील एक काळा रबरी पट्टा इमानेइतबारे करीत असे. मी महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटलो आणि अव्वल कारकून म्हणून सुटलो. ज्या गोष्टीची नोंद नाही ती घडलीच नाही, या एका सूत्रावर ज्याचे अवघे आयुष्य गेले, त्याचा या पट्ट्यावर जीव जडावा यात नवल ते काय? पहाटे 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत जाणारे आमचे एक मंडळ आहे. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत आणि अद्याप निवृत्त न झालेले एक दंतवैद्य आहेत, जे आमच्या संगतीत निवृत्तीचा सराव करतात. रात्री निजण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या पावलांचा आकडा व्हॉट्सॲपवर जाहीर करावा, हा दंडक कोणी घातला हे आता कोणालाच स्मरत नाही. पण तो घातल्यापासून आमच्यातील स्नेह थोडा उणावला आणि व्यायाम मात्र वाढला. एका रात्री मी दिवाणखान्यापासून न्हाणीघरापर्यंत येरझारा घालीत असता शेजाऱ्यांनी दार ठोठावले.

"भाऊसाहेब, काही चिंता आहे का? मघापासून पाहतोय."

"काही नाही हो, चारशे कमी पडताहेत."

त्यांनी बिचाऱ्यांनी मुकाट्याने खिशातून पाकीट काढले.

रोजची दहा हजार पावले, हा आकडा कोण्या धन्वंतरीने दीर्घ तपश्चर्येअंती सांगितला असावा, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. पुढे वाचनात आले की १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात चालण्याची लाट आली, ती साधून १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावण्याचे 'मानपो-केई' हे पावले मोजणारे यंत्र विक्रीस काढले, आणि दहा हजार हा आकडा वैद्यकापेक्षा विक्रीच्या सोयीने त्यावर विराजमान झाला. ही ऐतिहासिक माहिती मी मंडळापुढे सविस्तर ठेवली. मुख्याध्यापकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "आकडा कोणीही काढलेला असो, तुमचे काल सहा हजारच भरले होते."

पट्ट्याला पाय दिसत नाहीत, ही त्याच्या कारभारातील मूळ मेख आहे. त्याच्या पोटात हालचालीचा कमीजास्त वेग हेरणारा एक सूक्ष्म संवेदक असतो, आणि हात ठराविक लयीत हेलकावला की पाऊल पडले, असे मानून तो मोकळा होतो. परिणामी दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या धरून, हात जराही न हलवता, धापा टाकीत चढ चढणारा मनुष्य त्याच्या लेखी आरामखुर्चीत पहुडलेला असतो. आणि मांडी घालून टाळ कुटणारा मनुष्य मजल दरमजल करीत निघालेला असतो. हे रहस्य मुख्याध्यापकांना सर्वांआधी उमगले. एरवी कीर्तनाला नाक मुरडणारे हे गृहस्थ एकाएकी दर एकादशीला देवळात पहिल्या रांगेत बसू लागले, टाळांची एक जोडी त्यांनी स्वखर्चाने घेतली, आणि त्या त्या रात्री त्यांचा आकडा हाडाच्या वारकऱ्याने खाली मान घालावी असा येऊ लागला. "सर, आज कोठवर मजल?" असे विचारले की ते डोळे मिटून म्हणत, "पंढरीपर्यंत."

आमच्या घरीही एकदा गंमत म्हणून सौभाग्यवतींनी तो पट्टा बांधून पाहिला. कणीक तिंबणे, पोळ्या लाटणे, ताक घुसळणे आणि अधूनमधून मला हातवारे करून काही समजावून सांगणे, एवढ्या भांडवलावर, ओटा न सोडता, दुपारच्या जेवणापूर्वीच त्यांनी माझा उच्चांक मागे टाकला. पट्टा सोडून देताना त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, तुम्ही दिवसभर हिंडता ते एवढंच?" तेव्हापासून तो पट्टा मी स्नानाच्या वेळीही काढीत नाही.

असे सर्व सुरळीत चालले असता माझा जुना फोन फुगला. त्याची बॅटरी पोटुशी झाल्यासारखी वर आली, पाठीचे झाकण उघडू लागले, आणि "मामा, हा उशाशी घेऊन झोपत जाऊ नका" असा निर्वाणीचा इशारा भाच्याने दिला. नवा फोन घेणे प्राप्त झाले. माझी अट एकच होती. फोनचा कॅमेरा किती डोळ्यांचा आहे, त्याची स्मृती किती विशाल आहे, हे प्रश्न मला गौण होते. तो माझ्या पट्ट्याशी बोलेल की नाही, एवढ्याची रुजुवात झाल्यावाचून मी रक्कम अदा करणार नव्हतो.

दुकानातील तरुणाने माझा प्रश्न मान वर न करता ऐकला.

"काका, याला ब्लूटूथ आहे ना? मग चालणार."

"म्हणजे निश्चित चालेल?"

"सगळ्यांचं चालतं, काका."

"तसं लेखी द्याल काय?"

त्याने आता मात्र मान वर केली आणि माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, त्या दृष्टीने आमच्या कचेरीत आम्ही स्वतःच्या मयत वडिलांच्या नावे अर्ज आणणाऱ्यांकडे पाहत असू. मग अत्यंत सौम्य आवाजात तो म्हणाला, "काका, जुना फोन एक्स्चेंजला देणार का?" आणि भाच्याने तो देऊनही टाकला. फुगलेल्या फोनचे जे काही आले, ते पाहता त्यास खरेदी न म्हणता अंत्यविधीची सवलत म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

तत्पूर्वी मी माझ्यापरीने तपासणीत कसूर ठेवली नव्हती. पट्ट्याचा मूळ खोका मी कपाटातून शोधून काढला होता. असे खोके टाकू नयेत, यावरून आमच्या घरी तीस वर्षे शीतयुद्ध चालू आहे आणि त्या दिवशी मी ते निर्णायकपणे जिंकले. खोक्याच्या बुडाशी, मुंगीने वाचावे अशा अक्षरांत, 'अँड्रॉइड ४.४ व त्यावरील' असा मजकूर होता. नवा फोन अँड्रॉइड १५चा. पंधरा हे चार पूर्णांक चार दशांशांच्या वरच असतात, याविषयी कोणत्याही न्यायासनापुढे शंका उपस्थित होऊ शकत नाही. कायद्याच्या भाषेत 'व त्यावरील' हे शब्द यावच्चंद्रदिवाकरौ लागू असतात. परंतु ही मंडळी कायदा शिकलेली नसतात.

येथे मुख्याध्यापकांच्या घड्याळाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे, कारण माझ्या चिंतेला तेच कारण होते. त्यांच्या परदेशस्थ चिरंजीवांनी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून ॲपलचे घड्याळ धाडले. ते घड्याळ आयफोनवाचून सुरूच करता येत नाही, ही गोष्ट जगजाहीर असली तरी मुख्याध्यापकांच्या जगात जाहीर झालेली नव्हती. त्यांचा फोन अँड्रॉइड. घड्याळाने जे एकदा आयफोन जवळ आणा म्हणून सांगितले, त्यापुढे त्याने चकार शब्द काढला नाही. पण मुलाने धाडलेली मोलाची वस्तू पेटीत ठेवण्याएवढे ते विरक्त नाहीत. पूर्वीचा पट्टा सोडून काळ्याठिक्कर तबकडीचे ते घड्याळच ते नित्य बांधतात, बाही दोन बोटे वर सरकवून ते सर्वांना दिसेल अशी खबरदारी घेतात, आणि कोणी वेळ विचारली की खिशातून चावीची जुनी एचएमटी काढून सांगतात.

असो. घरी येऊन भाच्याने नव्या फोनात पट्ट्याचे ॲप शोधले, तेव्हा फोनने कळविले की हे ॲप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी केलेले असल्याने या उपकरणावर मिळणार नाही. मी खोका पुढे केला. भाचा खोक्याशी वाद घालू इच्छीत नव्हता.

"मामा, खोका म्हणतो ते ॲपनं फोनला चालवून घ्यायचं. आता फोन म्हणतो, मी ॲपला चालवून घेणार नाही. अँड्रॉइड सहाच्या आधीच्या नियमांनी लिहिलेलं ॲप चौदापासून पुढचे फोन बसवूनच घेत नाहीत."

"का? त्याने काय गुन्हा केला?"

"आधीच्या पद्धतीत ॲप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकदम घेऊन टाकायचं. त्याचा फायदा घेऊन लबाड लोक मुद्दाम जुन्या नियमांत ॲप लिहायचे."

हे मात्र मला तत्काळ पटले. कोऱ्या कागदावर एकदाच अंगठा घेऊन पुढे सबंध शिवार लिहून घेणारे सावकार मी पाहिलेले आहेत. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड सहापासून प्रत्येक नाजूक परवानगी त्या त्या वेळी, वेगवेगळी मागावी लागते, हे ऐकून या सुधारणेविषयी मला आदर वाटला; तो नवे ॲप उतरवून घेईपर्यंत टिकला. कारण कंपनीने जुने ॲप मोडीत काढून निराळ्या नावाचे नवे ॲप चालविले होते, आणि त्याने परवानग्या वेगवेगळ्या मागण्याचा नियम अक्षरशः पाळला. जवळची उपकरणे शोधण्याची परवानगी मागितली, ती दिली. मग मी कोठे आहे हे जाणण्याची परवानगी मागितली. "अरे, पट्टा माझ्या मनगटावर आहे, मनगट माझ्यापाशी आहे, आणि मी याच्यासमोर बसलो आहे, याहून अधिक ठावठिकाणा कोणता द्यायचा?" भाचा म्हणाला की पूर्वी ब्लूटूथने आसपास धुंडाळायचे तरी स्थळाची परवानगी लागे, कारण आसपासच्या उपकरणांवरून माणूस कोठे आहे ते ताडता येते, आता ती अट सुटली आहे, पण मागणाऱ्यांची सवय सुटलेली नाही. या स्वभावाशी माझा चांगला परिचय आहे. रेशनकार्डाची अट रद्द झाल्यानंतरही आमच्या खिडकीवर कित्येक वर्षे रेशनकार्ड मागितले जात असे, आणि खिडकीच्या आत मीच बसलेला असे.

पुढे त्याने माझे फोन उचलण्याची, माझे संदेश वाचण्याची आणि फोनने झोपावयास सांगितले तरी न झोपता जागत राहण्याची परवानगी मागितली. शेवटची न दिल्यास बॅटरी वाचविण्याच्या मिषाने फोन ॲपला गुपचूप निजवतो आणि पावलांचा ताळा लागत नाही, असे समजले. सर्वत्र 'मंजूर' म्हणून मी मोकळा झालो. निवृत्तीनंतर इतक्या मंजुऱ्या एका बैठकीत देण्याचा योग प्रथमच आला, हे सांगितले पाहिजे. मनाला बरे वाटले.

आणि मग तो शेरा आला. ॲपला पट्टा सापडला, त्याचे नाव पडद्यावर आले, माझ्या मनगटावर तो एकदा थरारला, आणि खाली अक्षरे उमटली: हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेले आहे, प्रथम तेथून मुक्त करा.

सज्जनहो, सातबाऱ्यावर मयत आजोबांचे नाव तसेच राहिल्यामुळे तीन पिढ्या तहसिलीच्या पायऱ्या झिजविणारी माणसे मी जन्मभर पाहिली. "बाबा, आधी वारसनोंद लावून घे, गाव नमुना ६ला फेरफार पडू दे, नोटिसा निघू देत, कोणाची हरकत नाही ना ते पाहू, मग बोल," असे मी ज्यांना खिडकीतून निर्विकारपणे सांगितले, त्या सर्वांचे चेहरे त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून गेले. पट्टा माझा, पैसे माझे, मनगट माझे, घाम माझा. पण दप्तरी कब्जेदार मात्र माझेच जुने खाते. त्या खात्यात शिरण्यासाठी लागणारा संकेतशब्द भाच्याने तेव्हा स्वतःच योजला होता आणि तो आता त्याला आठवत नव्हता. तो नव्याने मिळविण्यासाठी लागणारा ओटीपी ज्या क्रमांकावर जाणार, तो क्रमांक मी रिचार्ज करण्याचे सोडून दिल्यामुळे कधीच बंद पडलेला. आणि ज्या जुन्या फोनात ते खाते उघडे होते, तो फोन एक्स्चेंजमध्ये पंचत्वात विलीन झालेला.

कंपनीच्या मदतकेंद्राने माझी तक्रार त्यांना महत्त्वाची वाटते, असे संगीतासह कळविले. त्यानंतर एका मधुर आवाजाने पट्टा खरेदीची पावती मागितली. मी खोका आहे म्हणून सांगितले. आवाजाला खोक्याचे मोल कळले नाही.

दरम्यान भाच्याने एक शास्त्रीय प्रयोग हाती घेतला. पट्ट्याच्या तळाशी हिरवा दिवा लुकलुकतो, तो कातडीखालच्या रक्तावर पडतो; रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, म्हणून नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक परतणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात, असे त्याने समजावून सांगितले. हे कार्य तरी शाबूत आहे की नाही ते पाहावे, म्हणून त्याने माझा पट्टा सोडला आणि संध्याकाळच्या भाजीसाठी आणलेल्या दुधी भोपळ्याला बांधला. क्षणभर विचार करून पट्ट्याने दुधीची नाडी मिनिटाला बहात्तर अशी दिली. प्रकाश परत आला की काहीतरी आकडा सांगावाच, अशी या स्वस्त यंत्रांची वृत्ती असते. त्याच सकाळी माझी नाडी त्याने एकशे चार सांगितली होती. सौभाग्यवतींनी दोन्ही आकडे ऐकले, आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि दुधी चिरायला घेतला.

मग पट्टा पूर्ण रिकामा करून पुन्हा भरून पाहावा, असा उपाय दंतवैद्यांनी सुचविला. दातांचा हा माणूस; मुळापासून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पट्टा विझला आणि पुन्हा उजळला, पण जुने खाते त्याच्या स्मरणातून गेले नाही. गेली ती फक्त वेळ. अशा पट्ट्यांना घड्याळ फोनकडूनच लावून घ्यावे लागते, आणि फोनशी तर अबोला. त्यामुळे माझ्या पट्ट्याची मध्यरात्र सध्या दुपारी पावणेचारच्या सुमारास होते. सकाळभर जमविलेली पावले मी वामकुक्षीत असताना शून्यावर येतात, आणि चहाच्या वेळी मनगटावर नवा दिवस उगवतो. मंडळाला हे समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. स्टेशनमास्तर म्हणाले, "गाडी कोणत्याही वेळेला आली तरी ती त्या दिवसाचीच धरतात." मुख्याध्यापक म्हणाले, "पुराव्याशिवाय आकडा ग्राह्य धरता येणार नाही," आणि त्यांनी काळी तबकडी झळकवीत बाही सारखी केली. त्यांचा स्वतःचा आकडा, घड्याळ मुके असल्यापासून, ते अंदाजे कळवितात. तो नेहमी दहा हजारांच्या वरच असतो.

शेवटी मीच माझ्या जुन्या क्रमांकाला फोन लावला. बंद पडलेला क्रमांक निदान ९० दिवस कोणाला द्यायचा नाही आणि मग दुसऱ्याला द्यायला हरकत नाही, अशी पद्धत आहे. आणि ती मुदत केव्हाच टळून गेली होती. पलीकडून मोटारपंपाचा आवाज आला आणि त्यावर चढवलेला एका गृहस्थाचा आवाज.

"कोन बोलतंय?"

"नमस्कार. आपण आता ज्या क्रमांकावरून बोलत आहात, तो पूर्वी माझा होता."

"बरं मग? परत पायजे का?"

"नको, नको. फक्त आता त्यावर एक सहा आकडी संदेश येईल, तेवढा मला वाचून दाखवावा, ही विनंती."

पंप बंद झाला.

"ओटीपी म्हना की सरळ. आवं पाव्हनं, फोन लावायच्या आधी फोनमधली बाई काय सांगायची ठावं हाय का? ओटीपी कुनाला द्यायचा न्हाई. पार आईबापाला बी न्हाई."

"अहो, पण मी फसवणारा नव्हे. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आहे."

हे वाक्य मी विश्वास बसावा म्हणून उच्चारले होते. त्यावर पलीकडे जी शांतता पसरली, तीत त्या गृहस्थाच्या कुटुंबाने आमच्या खात्याकडून सोसलेले सर्व काही सामावले असावे.

"मंग तर अजाबातच न्हाई," तो म्हणाला. "आन् परत फोन केला तर एकोनीसशे तीसला कळवीन. पाऊल न् पाऊल मोजतील तुमचं."

सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करावी लागते, हे मला ठाऊक आहे. आणि कोणी का होईना, माझी पावले मोजण्याची तयारी दाखविली, याचे त्या अवस्थेतही मला क्षणिक समाधान वाटले.

तरी सदर क्रमांकाचे विद्यमान धारक यांना या लेखाद्वारे जाहीर विनंती करण्यात येते, की आपण सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या बांधावर, आधारकार्ड, निवृत्तिवेतनाचे पुस्तक, पट्ट्याचा मूळ खोका आणि दोन पंच यांसह मी समक्ष हजर राहण्यास तयार आहे. ओटीपी आपण मला सांगू नये. तो आपणच आपल्या हाताने माझ्या फोनात भरावा, मी तोंड फिरवून उभा राहीन. आपल्या जमिनीचा एखादा फेरफार आमच्या काळात अडून राहिला असल्यास त्याचाही कागद जाता जाता पाहून देईन. तोपर्यंत मी जी काही पावले चालत आहे ती हरकत राखून चालत आहे, याची मंडळाने व संबंधितांनी नोंद घ्यावी.